लुंबायाओत जे घडलं नाही

मोनावरा कालिपापा आमच्या कोताबातो शहरातल्या कार्यालयात रुजू झाली तेव्हा तिला बसायला जागा नव्हती. झेरॉक्स मशीनच्या शेजारी एक टेबल लावून दिलं, आणि त्यावरचे शाईचे खोके कितीतरी दिवस कुणी हलवलेच नाहीत. पदाचं नाव मात्र लांबलचक होतं: संकट-प्रतिबंध समन्वयक.

आमची संघटना जगभर पसरलेली, मुख्य कार्यालय दूर परदेशात. इथे म्हणजे एका छपराखाली बरीच बिऱ्हाडं. धान्य विभाग तांदूळ वाटायचा, शेती विभाग कालवे खणायचा, मुलांचा विभाग शाळा चालवायचा. प्रत्येकाचा साहेब वेगळा, गाडी वेगळी. कधीकधी एकाच सकाळी एकाच गावात आमच्या तीन गाड्या पोचायच्या आणि आतली माणसं एकमेकांना म्हणायची, "अरे, तुम्ही इथे कसे?" मोनावराचं काम असं, की या सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि दलदलीकाठच्या गावांत भांडण पेटण्याआधी त्याचा सुगावा लावायचा. तिच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. हुकूम सोडायचा तर कुणावर?

मी तिथे दुभाष्या होतो. माझे आजोबा पानाय बेटावरून जमीन कसायला इथे आले. मी इथेच वाढलो आणि मागिंदानाव भाषा शेजारच्या पोरांशी भांडता भांडता शिकलो. मोनावरा मला 'तोतो' म्हणायची, पानायकडच्या आमच्या इलोंगो घरांत धाकट्याला म्हणतात तसं. तिच्याबरोबर मी पुष्कळ हिंडलो, म्हणून हे सांगू शकतो.

ती लहान असताना दलदलीतल्या तिनुगोस आणि लुंबायाओ या दोन गावांत जमिनीवरून खून पडले. तिच्या आईचं माहेर तिनुगोस. गोळीबार सुरू झाला तशी सगळी वस्ती होड्यांत बसून पळाली आणि शहराजवळच्या एका शाळेत येऊन पडली. एका वर्गात दहा-दहा कुटुंबं. तिथे तिचा धाकटा भाऊ हगवणीनं गेला. त्याला पुरल्यावर औषधांचा ट्रक आला. "ट्रकमधली माणसं चांगली होती," ती एकदा मला म्हणाली. "एका बाईनं मला बिस्किटं दिली. मी खाल्ली पण. पण मला कळेना, ही इतकी चांगली माणसं आधी कुठे होती?"

पुढे ती शिकली आणि बरीच वर्षं तिनं स्वतःच ट्रकबरोबर जाऊन ताडपत्र्या वाटल्या. मग ही जागा निघाली. कुणालाच नको होती, तिनं मागून घेतली.

पहिलं वर्ष चेष्टेत गेलं. धान्य विभागाची गेम्मा विल्यारूस जिभेची फार तिखट. ती येता-जाता विचारायची, "काय मोनावरा, आज काय काय घडलं नाही?"

"तुझा तांदूळ वेळेवर आला नाही," मोनावरा तितक्याच शांतपणे सांगायची.

दर गुरुवारी ती सगळ्या विभागांना बोलवायची. येईनात, तेव्हा तिनं बाजारातून केळीच्या पानात बांधलेला गरम पास्तिल मागवायला सुरुवात केली. भात आणि त्यावर परतलेली कोंबडी म्हटल्यावर माणसं जमू लागली. तिथे अहवाल वाचायचा नाही, असा तिचा नियम. ती एवढंच विचारायची, "या आठवड्यात काय चमत्कारिक वाटलं?"

"मी फक्त खायला येते हं," गेम्मा म्हणायची. पण यायची.

अशाच एका गुरुवारी शाळांचं काम पाहणारी मुलगी म्हणाली की तिनुगोसची मुलं लुंबायाओच्या शाळेत यायची थांबलीत. गोवर असेल, असं तिला वाटलं. गेम्मा म्हणाली, "माझ्याकडे लुंबायाओच्या बायका तांदूळ न्यायला येत नाहीत. पोटं भरलेली दिसतायत." शेती विभागाचे अभियंता वाफुला केनियाचे, उंच आणि अबोल. ते खाता खाता म्हणाले, "आमच्या कालव्याच्या आखणीच्या खुंट्या कुणीतरी उपटून टाकतं. दुसऱ्यांदा झालं."

"कुठल्या कालव्याच्या?" मोनावरानं विचारलं.

"जुना ओढा. जलपर्णीनं भरलाय तो. त्या दोन गावांच्या मधला."

मोनावरानं घास खाली ठेवला. ओढा मोकळा झाला की पाणी उतरणार, आणि पाण्याखाली गेलेली ती काळी जमीन पुन्हा वर येणार. तिच्याचसाठी तर खून पडले होते. आणि तांदूळ वाटायची जागा तिनुगोसच्या धक्क्यावर, म्हणजे लुंबायाओच्या बायकांनी वैऱ्याच्या दारातून जायचं. शाळा लुंबायाओत, म्हणजे तिनुगोसच्या मुलांनीही तेच करायचं. आमचे तिन्ही विभाग भल्याचंच काम करत होते आणि तिघं मिळून जुनी आग फुंकत होते.

ती आमचे वरिष्ठ लुकास यांच्याकडे गेली. ते बेल्जियमचे, वाईट माणूस नव्हे, पण मुख्य कार्यालयाला फार भ्यायचे. दुभाष्याची तिथे गरज नव्हती, तरी तिनं मला साक्षीला नेलं.

"खोदकाम थांबवलं तर या हंगामाचा निधी परत जाईल," लुकास म्हणाले. "आणि नंतर काही झालंच नाही, तर मी वर काय सांगू?"

"काही झालं नाही, हेच सांगा."

"ते पुरावा मागतील."

"मग होऊ द्यायचं का? नंतर फोटो पाठवता येतील."

लुकास शेवटी म्हणाले, "वाफुला तयार असतील तर थांबवा. मी त्यांना भाग पाडणार नाही."

वाफुला तयार नव्हते. गेम्मा तर म्हणाली, वाटपाची जागा बदलणं म्हणजे सगळं काम पहिल्यापासून करणं. मोनावरानं वाद घातला नाही. "उद्या होडीतून फिरून येऊ," एवढंच म्हणाली. "जेवण माझ्याकडून."

आम्ही चौघं गेलो. लुंबायाओत ती आम्हाला थेट काइरिया नावाच्या म्हातारीकडे घेऊन गेली. तिचा नवरा त्या वैरात मारला गेला होता आणि गावात तिचा शब्द चालायचा. मागिंदानाव लोक मावशी-आत्येला 'बाबू' म्हणतात. अख्खं गाव तिला बाबू काइरिया म्हणायचं.

"तुझी आई तिनुगोसची," म्हातारीनं बसायलाही न सांगता सुनावलं. "तू आमचं काय भलं करणार?"

"आई तुमच्या घरी जेवलेली आहे, बाबू. सांगायची, काइरियाचा हात मिठाला फार सैल."

"खोटारडी होती तुझी आई. मीठ तीच जास्त घालायची." मग म्हातारीनं चटई पुढे सरकवली. "बसा. हा लांबडा कोण? डोकं सांभाळ म्हणावं, छपराला लागेल."

मी वाफुलांना सांगितलं. ते हसले आणि वाकून बसले.

गेम्मानं तांदळाचं विचारलं. बाबू काइरिया म्हणाली, "त्यांच्या बंदुकांसमोरून पोती वाहू? त्यापेक्षा आमची रताळी बरी." वाफुलांनी विचारलं, खुंट्या कोण उपटतं? "मी उपटवते," ती म्हणाली. "पुन्हा रोवल्यास तर पुन्हा उपटेन. ती जमीन वर आली की माझा मुलगा नासर बंदूक घेणार. नवरा दिला तेवढा पुरे झाला."

आम्ही परतीला होडीत बसलो. मग गेम्मा म्हणाली, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"आज सांगितलं," मोनावरा म्हणाली.

वाफुला होडीच्या टोकाला बसले होते. मागे न वळता ते म्हणाले, "मी खणणार नाही. त्या बाईनं खुंट्या स्वतः रोवल्या, तरच."

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं आणि खरं काम तेच होतं. तांदळाचं वाटप दोन्ही गावांच्या मधल्या बाजारात आलं आणि गेम्मानं ते सांभाळायला दोन्हीकडच्या बायका नेमल्या. त्या सुरुवातीला एकमेकींकडे पाठ करून बसायच्या, मग पोती उचलताना एकमेकींना हात देऊ लागल्या. वाफुलांनी जलपर्णी नुसती काठावरून काढायला दोन्ही गावांचे मुकादम घेतले. तिनुगोसचे वडीलधारे एस्माएल, सगळ्यांचे 'बापा', म्हणजे काका, फार तापट होते. मोनावरा त्यांच्याकडे इतक्या वेळा गेली, की ते तिला पाहूनच म्हणायचे, "आली. कॉफी टाका, नाहीतर ही जायची नाही." जमिनीचं मात्र ठरेना. रमजान आला आणि सरला, तरी सीमा कागदावर उतरली नाही.

आणि मग एका सकाळी दलदलीत गोळी उडाली. नासरच्या खांद्यातून गेली.

आम्ही कार्यालयात होतो. आधी गेम्माचा फोन वाजला. बाजारातली लुंबायाओची बाई रडत सांगत होती, तिनुगोसवाल्यांनी नासरला मारलं, लोक पळायला होड्या भरतायत. तेवढ्यात तिनुगोसच्या मुकादमानं वाफुलांना फोन केला: नासर जिवंत आहे, गोळी आमच्या गावच्या सुकार्नोची, पण तो बदकांवर नेम धरत होता, बोरूच्या गवतात माणूस आहे हे त्याला दिसलं नाही. मोनावरा दोघांच्या मधे उभी राहून ऐकत होती. इतर वेळी या दोन बातम्या दोन खोल्यांत राहिल्या असत्या, आणि तोवर गावं पेटली असती.

"गेम्मा, बाजारातल्या दोन्हीकडच्या बायकांना सांग, नासर जिवंत आहे. हेच वाक्य, दुसरं काही नाही. वाफुला, मुकादमांना सांगा, माणसं ओढ्यापासून लांब ठेवा. शाळेची होडी नासरला इस्पितळात आणेल." मग तिनं बापा एस्माएलना फोन लावला. ते ओरडत होते, ते मलाही ऐकू येत होतं. तिनं त्यांना ओरडू दिलं. ते दमले तेव्हा म्हणाली, "बापा, त्या सुकार्नोला घेऊन इस्पितळात या. बंदूक घरी ठेवून. आज."

"तिथे ते मला मारतील."

"मी दारात उभी असेन."

ती खरंच दारात उभी राहिली. आत बाकावर बाबू काइरिया बसली होती, शेजारी तिचे पुतणे, शर्टाखाली काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बापा एस्माएल आले. मोकळ्या हातांनी. मागे सुकार्नो, विशीतला, चेहरा राखेसारखा. पुतणे उठले. मोनावरा मधे आली. ती तिथेच उभी राहिली.

"बसा रे," म्हातारी पुतण्यांना म्हणाली. मग सुकार्नोकडे पाहिलं. "बदकं किती मारलीस?"

"एक, बाबू."

"आणि दुसरं माझं पोरगं?"

सुकार्नो रडायला लागला. बापा एस्माएल, ज्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, ते खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, "काइरिया, औषधपाणी माझं. तुझा मुलगा उठेपर्यंत हा तुझ्या घरी पाणी भरेल. तुला हवं तर जास्त दिवस."

"याला नेम धरता येत नाही, पाणी काय भरणार," म्हातारी म्हणाली. पण आपल्या पिशवीतला भात काढून तिनं त्याच्यापुढे सरकवला. सकाळपासून त्यानं काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

त्या दिवशी भरलेल्या होड्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या झाल्या. कोणतंही कुटुंब शाळेच्या वर्गात येऊन पडलं नाही. नासर बरा झाल्यावर दोन्ही गावांनी मिळून जेवण घातलं आणि त्यातच सीमेचं ठरलं: वर येणारी जमीन अर्धी अर्धी, आणि मधल्या पट्ट्यात कुणी पेरायचं नाही. पुढच्या कोरड्या हंगामात वाफुलांनी ओढा मोकळा केला. पहिली खुंटी बाबू काइरियानं रोवली, आणि वाकडी रोवली म्हणून बापा एस्माएल तिला हसले.

मुख्य कार्यालयातून एक तपासनीस आले. मोनावराच्या पदाचा उपयोग काय, हे त्यांना बघायचं होतं. ती काही बोलण्याआधीच गेम्मा म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे मेलेली माणसं मोजायची सोय आहे. जगलेली मोजायची आहे का?" तपासनीसांनी काय लिहिलं कोण जाणे, पद मात्र राहिलं. टेबलही झेरॉक्सपासून हललं.

मोनावरा अजून तेच काम करते. दोन-तीन गावांत ती हरलीही, तिथे भांडण पेटलंच. त्याबद्दल ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

परवा आम्ही बाजारात मासळी घेत होतो. विकणारी लुंबायाओची. बोलता बोलता म्हणाली, मागल्या महिन्यात तिनुगोसशी एका लग्नाच्या देण्याघेण्यावरून मोठं वाजलं होतं, कोयते निघाले होते, पण दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बसल्या आणि मिटवलं.

"मला कुणी कळवलं नाही," मोनावरा म्हणाली. जरा रागावलीच.

"तुम्हाला कशाला त्रास, बाबू," बाई म्हणाली आणि मासा तराजूत टाकला.

मोनावराला हसू आलं. मग म्हणाली, "हा नको, तो मोठा दे." आणि पिशवी माझ्या हातात देऊन भाजीच्या दिशेनं चालू लागली.