हिलमनचं हँडल

आधी माफी मागतो. या सदरात लिहिण्याचा सराव असलेली माणसं आपले अनुभव पाठवतात. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराखेरीज कुणी काही लिहिलेलं नाही, आणि कॉलेजचा पेपर तर घरातून पहिला मीच लिहिला. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मी बेळगावात बी.एस्सी. करतो, विषय फिजिक्स. असल्या अजब गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. वडील — आम्ही आप्पा म्हणतो — एका तंबाखू व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी काळी हिलमन आप्पांना देऊन टाकली. आप्पांनी ती भाड्यानं चालवली. लग्नाची माणसं, बाळंतिणी, बेळगावच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट... निपाणीपासून संकेश्वरपर्यंत तिला सगळे ओळखायचे. मला मात्र ते तिच्या बॉनेटला हात लावू देत नसत. "तू पुस्तक धर. काळं हात माझं एकट्याचं बास झालं."

बॅटरी कमजोर, त्यामुळे गाडी हँडल मारूनच सुरू व्हायची. हँडल म्हणजे दोन ठिकाणी वाकवलेला लोखंडी दांडा. पुढून बंपरखालच्या भोकात घालायचा आणि जोर लावून फिरवायचा. मी लांब उभा राहून बघायचो.

मी पीयूसी, म्हणजे कॉलेजच्या आधीची परीक्षा, पास झालो, आणि माझ्या कॉलेजसाठी आप्पांनी हिलमन विकली. दलाल आला, आप्पांनी हँडल मारून गाडी सुरू करून दिली, आणि तो ती घेऊन गेला. ती गल्लीच्या टोकाला वळल्यावर आप्पा घरात आले, तेव्हा त्यांच्या हातात हँडल होतं. आमचे आजोबा बैल विकायचे तेव्हा बैल देत, दावं देत नसत. दावं घरात राहिलं म्हणजे बरकत घरात राहते, अशी आमच्याकडे समजूत आहे. आजोबांचं शेवटचं दावं अजून खुंटीला होतं. त्याच खुंटीला आप्पांनी हँडल अडकवलं.

आई म्हणाली, "अवो, ती काय बैल हाय व्हय?"

"मग काय शेळी हाय?" आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

घेणारा माणूस गाडी सुरू कशी करणार, हे त्या घटकेला आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

दोन वर्षांनी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी उजव्या हाताला टाचणी टोचून पाहिली, आप्पांना ती जाणवलीच नाही. आणि महिन्याभरात तोच हात फिरायला लागला! पडल्या पडल्या मनगट गोल... गोल... कधी सकाळी, कधी भर दुपारी. आई हात दाबून धरायची, तर तिचाही हात बरोबर फिरायचा. आप्पांची झोप गेली. अडखळत एकच म्हणायचे, "बंद पडली... हँडल न्हाय तिला..." डॉक्टर म्हणाले, झटके आहेत. गोळ्या दिल्या. हात फिरतच राहिला.

एका रविवारी मी घरी असताना ते स्पष्ट बोलले, "संकेश्वर. कारखान्याची वाट." मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. का कोण जाणे, प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानावर ते लिहून ठेवलं.

पुढच्या शनिवारी बेळगावहून घरी येताना संकेश्वरला उतरलो. कारखान्याच्या रस्त्यावर एक पंक्चरवाला बसतो. त्याला भीत भीत विचारलं, एखादी जुनी काळी मोटार...

"व्हय की!" तो म्हणाला. "गेल्या आयतवारी हितंच मेली. मागं उसाच्या गाड्या तुंबल्या. हँडल मागत फिरत हुता बाबा, कुणाचंच बसंना. शेवटी आमी पाच जणांनी ढकलली."

"किती वाजता?"

"जेवून बसलोतो की. दोन-अडीच झालं असतील. तू कोण, पोलिसातला काय रं?"

मालक कुठला ते त्याला माहीत नव्हतं. बेळगावकडचा असावा, आत दुधाचे कॅन होते, एवढंच. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं आमचे सर सांगतात. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण बसमध्ये बसल्यावर वही काढून मागच्या पानावरची ती वेळ पुन्हा पाहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आप्पांचा हात पुन्हा फिरू लागला. "हिंडलगा," ते म्हणाले. "चिंच." मग खुंटीकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "दिऊन ये रं. चुकलो मी. दावं न्हवं त्ये... ती अडलिया."

ज्या गाडीच्या पैशावर मी शिकतो आहे ती अडली आहे, आणि तिच्यापायी आप्पांना डोळा लागत नाही. विश्वास असो-नसो, मला जाणं भाग होतं.

सोमवारी पहाटेच्या बसनं निघालो. पिशवीतून हँडल बाहेर आलेलं. कंडक्टर म्हणाला, "एनप्पा इदु? काय हाय बाबा ह्ये? कुणाचं डोस्कं फोडाय निघालास?" लोक हसले. मीही हसलो, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कॉलेज आटोपून दुपारी बेळगावला लागूनच असलेल्या हिंडलग्याला गेलो. दूध घालणारा, काळी मोटार, असं विचारत गेल्यावर एका पोरानं एका घरामागच्या परड्यात नेलं. चिंचेच्या झाडाखाली आमची हिलमन उभी होती. रंग उडालेला, मागची सीट काढून तिथं कॅन. मालक बाळूअण्णा म्हशींना पेंड चारत होते.

"मोटार कसली, चौथी म्हस हाय ही," ते म्हणाले. "काल दुपारधरनं हलंना. उद्या भंगारवाला येतोय. तूच सांग पोरा, मोटार इकून हँडल घरात ठिवणारा ह्यो शाणा कोण असंल रं?"

"आमचे आप्पा," मी म्हणालो, आणि पिशवीतून हँडल काढलं.

 बाळूअण्णांनी हातातली पाटी खाली ठेवली.

मी हँडल भोकात घातलं. बरोबर बसलं. आयुष्यात पहिल्यांदाच मारत होतो, म्हणून सायकलचं हँडल धरतात तसं मुठीत गच्च आवळलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा इंजिन धडकलं आणि दांडा सगळ्या ताकदीनं उलटा फिरला.

"गेला हात!" बाळूअण्णा ओरडून धावत आले. माझी मूठ उघडून बोटं एकेक करून दाबून पाहिली. "दुखतंय का? हितं? आरं, ह्या फटक्यानं हाडाचा भुगा हुतो!"

दुखत नव्हतं. ओरखडासुद्धा नव्हता. दांडा उलटा गेलेला मी डोळ्यांनी पाहिला, पण हाताला काही जाणवलंच नाही.

मग त्यांनी स्वतः हँडल मारलं. एका फेऱ्यात हिलमन सुरू झाली. तो आवाज मी दोन-अडीच वर्षांनी ऐकत होतो. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. हँडल त्यांच्याकडे ठेवून निघालो, तेव्हा ते म्हणाले, "भंगारवाल्याला न्हाय म्हणून सांगतो. आप्पास्नी सांग."

इथवरचं मी कसंबसं समजून घेतलं असतं. संकेश्वरचा योगायोग, हिंडलग्याचं नाव कुणाकडून तरी आप्पांच्या कानावर आलं असेल, माझं नशीब बरं म्हणून हात वाचला... पण गुरुवारी होस्टेलवर माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, कार्ड आलं. हिंडलग्याला काय घडलं हे तोवर घरी कुणालाही कळवलेलं नव्हतं. सरांना विचारायचा धीर होत नाही. कार्डातला मजकूर तेवढा उतरवतो:

"सोमवारी च्यार वाजता आप्पा एकदम वरडले. बगतो तर उजवा अंगठा सुजून निळा. अंथरुणातनं हलले नव्हते, आई जवळच बसलीती. हाडवैद्य आला. म्हणला, हँडलचा उलटा फटका हाय, वखारीच्या डायवरांचे असले लई अंगठे मी बसवलेत, पण पडल्या माणसाला कसा बसला? आप्पा नुसते हसले. हात फिरायचा थांबलाय. तवापासनं गाढ झोपत्यात. तुला एक निरोप सांगितलाय. त्याला म्हणावं, अंगठा मुठीत धरायचा नसतो, बोटांच्या बाजूला ठिवायचा. म्हंजे काय ते मला कळलं न्हाय. तुला कळलं तर कळव."