बंटीच्या आजाराचा तपास

आमच्या घरात इतके किस्से कसे, तर दोष आबांचा. आबा म्हणजे आमचे वडील. धरणगावात आमच्या घरी ताप एकाला येतो आणि आरोपी चौघं सापडतात, त्यामुळे किस्से साठतच जातात. माझ्या चार वर्षांच्या पुतण्याला, बंटीला, ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा तर आबांनी ओट्यावर कोर्टच भरवलं. बंटी आता शाळेत जातो, म्हणून हसून सांगतोय.

पहिली आरोपी वहिनी, बंटीची आई. "हाऊ ग्रहणना दोष शे," आबा अहिराणीत म्हणाले, म्हणजे हा ग्रहणाचा दोष आहे. पोटुशी असताना तिनं ग्रहणात वांगं चिरलं म्हणे. मी जुनं कॅलेंडर काढलं. ग्रहणाच्या दिवशी बंटी दोन महिन्यांचा होता, पाळण्यात.

आबांनी चष्मा लावून पाहिलं. "कॅलेंडर चुकीचं छापलंय."

मग बाटलीचं दूध झालं, मग बर्फाचा गोळा. गोळा मी खाऊ घातलेला, म्हणून दुसरा आरोपी मी.

धुळ्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "या आजारातला पहिला बदल पुष्कळदा मूल जन्मायच्या आधीच झालेला असतो." मी खूश. बाटली सुटली, गोळा सुटला! बी.एस्सी.ला होतो ना, छाती काढून घरी सांगितलं.

आबा म्हणाले, "जन्माच्या आधी म्हणजे कुठे? हिच्याच पोटात ना?"

आणि वहिनीला शिरपूरला माहेरी धाडलं. उपचाराला मुंबईला बंटीबरोबर दादा जाईल, ही नाही. दादा, म्हणजे बंटीचा बाप, आबांपुढे पंख्याकडे बघत बसतो. इकडे बंटी आईशिवाय एक गोळी गिळेना.

मग वहिनीचे वडील, नाना, भांडायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, त्यामुळे नऊ महिन्यांची वाटणी निघाली.

"सात महिने पोर तुमच्याकडे होती," नाना म्हणाले. "आमच्याकडे दोनच."

"तुम्ही चार दिवस आधीच घेऊन गेले होते," आबा म्हणाले.

दोन म्हाताऱ्यांनी चहा पीत गर्भ वाटून घेतला. शेवटी ठरलं, महिना कोणता ते डॉक्टरच सांगतील.

डॉक्टरांनी अकराची वेळ दिली. आबा बंटीला घेऊन धुळ्याला आले. मी सकाळच्या एसटीनं शिरपूरला जाऊन नानांना आणि वहिनीला आणलं.

डॉक्टर म्हणाले, "महिना सांगता येत नाही. हा बदल आईकडून आलेला नाही, बापाकडूनही नाही. बाळाच्याच एका पेशीत आपोआप झाला. पुढे आणखी बदल झाले, म्हणून आजार."

आबांनी विचार केला. "म्हणजे पोरानं स्वतःच केलं?"

सगळ्यांनी बंटीकडे पाहिलं. तो आईच्या मांडीवर बिस्कीट खात होता.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "आबांनी केलं असेल."

वहिनी त्याला कडेवर घेऊन उठली ती थेट मुंबईच्या गाडीत बसली. खिडकीतून बंटीच्या कपड्यांची पिशवी आबांनीच दिली.

त्या दिवशी अकरालाच माझा शेवटच्या वर्षाचा केमिस्ट्रीचा पेपर होता. तो बुडाला, वर्ष गेलं, आणि कॉलेज कायमचं सुटलं.