खुद छोड़ा?

बखुराचा, अरबी धुपाचा, धूर दरवळला की मला कुवेतमधल्या मिरकाबचं, तोच वास भरलेलं सरकारी कामगार कार्यालय आठवतं. लग्न झाल्यावर मी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडली होती, आणि सेवेअखेरचे हक्काचे पैसे मागताच मालकाने धमकावलं होतं, "तू पळून गेलीस म्हणून कळवीन." म्हणजे इकामा, तिथं राहण्याचा परवाना, रद्द आणि देशाबाहेर रवानगी. काउंटरवरच्या कुवेती बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, "निकाला, या खुद छोड़ा?" "काढून टाकलं म्हण," शेजारून नवरा कुजबुजला. पण खोटं काही तोंडातून फुटेना. "खुद छोड़ा. शादी हुई," मी म्हणाले. बाई हसल्या. "शादी को एक साल नहीं हुआ? एक साल के अंदर औरत शादी के लिए छोड़े, तो पूरा पैसा मिलता." तरी आजही काउंटरमागून कुणी काही विचारलं, की मी आधी नवऱ्याचा हात शोधते.