कारखान्यावरचे प्रेम

पालेगावच्या हरिचंद्र भोईरची भाताची खाचरे रंगाच्या कारखान्यात गेली, तेव्हा घरटी एकाला नोकरी देऊ असे गावाला सांगण्यात आले होते. हरिचंद्र थांबला. बायको ठमाबाई अंबरनाथच्या बाजारात भाजी विकून घर चालवत होती आणि ते त्याला रोज ऐकवत होती. अखेर पहारेकऱ्याची जागा निघाली.

पण मुंबईहून नवा साहेब आला होता. नुसता अर्ज चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. सोबत इंग्रजीत पत्र हवे, आणि याच कारखान्यात नोकरी का करावीशी वाटते ते त्यात हवे.

हरिचंद्र उल्हासनगरच्या कॅम्पात हासानंद मास्तरांकडे गेला. मास्तर फाळणीआधी सिंधमध्ये शाळेत इंग्रजी शिकवत. इथे बराकीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहीत. हरिचंद्रने त्यांना कारण सांगितले. जमीन गेली, पोट राहिले.

"ये नहीं लिखने का," मास्तर म्हणाले. "सच तो सब के पास है. साहब को प्रेम मंगता."

आणि त्यांनी प्रेम लिहिले. हरिचंद्र लहानपणापासून या कारखान्याकडे आदराने पाहत आला आहे, त्याच्या भोंग्याने त्याला शिस्त लावली, वगैरे. कारखाना दोन वर्षांचा होता, हरिचंद्र चाळिशीचा.

साहेबाला पत्र फार आवडले. त्याने ते पुन्हा वाचले, समोरच्या माणसाकडे पाहिले आणि हे लिहिले कोणी, असे विचारले. हरिचंद्रने अभिमानाने नाव सांगितले. लवकरच हासानंद मास्तर कारखान्यात कारकून झाले. आलेल्या पत्रांतले प्रेम जोखायचे, हे त्यांचे काम. त्यांच्याकडे मात्र कोणी पत्र मागितले नव्हते.

हरिचंद्रला नकार आला, तोही सुंदर इंग्रजीत. वाचून घ्यायला तो मास्तरांकडेच गेला. मास्तरांनी मान खाली घालून अर्थ सांगितला: आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे, परंतु पहारेकऱ्याला पत्र स्वतः लिहिता यायला हवे.

"मास्तर, पहारा रातचा," हरिचंद्र म्हणाला. "रातीला कोनाला पत्र लिवाचा?"

मास्तर शाईची दौत उगाच इकडची तिकडे करत राहिले. मग पुटपुटले, "भाई, पेट मेरे को भी है."

पुढे अर्जांसोबत आलेली पत्रे साठवायला कारखान्यात वेगळी खोली काढायचे ठरले. पाया खणायला माणसे हवी होती. जागा हरिचंद्रच्याच जुन्या बांधावरची. मुकादमाने त्याचे दंड चाचपले आणि कुदळ पुढे केली.

"कारन सांगाचा काय?" हरिचंद्रने विचारले.

"खण," मुकादम म्हणाला.