उडीच्या पलीकडचा माणूस

सदानंद परुळेकर गेल्याची बातमी सुनंदावहिनींनी मला फोनवर दोनच वाक्यांत दिली. "भाऊजी, हे गेले. झोपेतच गेले." मुलुंडहून विक्रोळीला पोहोचायला मला फार वेळ लागला नाही, तरी मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या इमारतीखाली दहा-बारा मोटारसायकली आधीच ओळीने उभ्या होत्या. त्यांचे मालक जिन्यात मान खाली घालून थांबले होते. कोणी बँकेत अधिकारी, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी दुकानदार. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, ही एवढी मंडळी कोण? नात्यातली तर दिसत नाहीत." मी सांगितले की ही मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींची मंडळी आहेत. शेजारी चकित झाले. "म्हणजे परुळेकर या वयात शर्यतीत गाडी चालवायचे?" "नाही," मी म्हणालो, "ते झेंडा धरायचे." त्यांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटली... झेंडा धरणे म्हणजे काय, हे त्या जिन्यात उभे राहून सांगणे शक्य नव्हते. ते आज सांगतो.

सदानंद आणि मी विक्रोळीच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलो. पुढे मी मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवू लागलो आणि तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर झाला. तरुणपणी तो स्वतः शर्यतीत उतरत असे. पण पडून एक गुडघा कायमचा अधू झाला, तेव्हा त्याने गाडी सोडली आणि झेंडा हातात घेतला. मी निवृत्त झालो त्या वर्षी तो मला ट्रॅकवर घेऊन गेला. "मास्तर, तुला मोजायला आवडतं ना? चल, उन्हात बसून मोज," एवढेच त्याचे निमंत्रण. मुलुंडच्या पुढे, खाडीच्या बाजूला, भराव टाकलेली एक मोकळी जागा आहे. हौशी स्वारांचा एक गट हिवाळ्यातले काही रविवार तिथे शर्यती घेतो. कोणता स्वार कितवी फेरी पूर्ण करतो आहे हे तक्त्यात लिहिणे आणि काही तक्रार निघाल्यास तिचा अहवाल तयार करणे, ही दोन कामे माझ्याकडे आली. शर्यतीच्या आचारसंहितेवर सदा कधी भाषण देत नसे. एवढेच म्हणे, "सोमवारी प्रत्येक जण कामावर गेला पाहिजे. बाकीचे सगळे नियम ह्याच्यातूनच निघतात."

या ट्रॅकवर मातीचे उंच उंचवटे बांधलेले असतात. वेगाने आलेला स्वार त्यांच्यावरून गाडीसकट हवेत झेपावतो आणि पलीकडे उतरतो. उडी घेताना त्याला पलीकडचे काहीही दिसत नाही. समजा, पुढचा स्वार उतरताना पडला, तर मागचा थेट त्याच्या अंगावर येईल. म्हणून प्रत्येक उडीच्या कडेला, दोन्ही बाजू दिसतील अशा जागी, पिवळा झेंडा घेतलेला एक माणूस उभा असतो. तो झेंडा हलला की उडी घ्यायची नाही, कोणाला मागे टाकायचे नाही. उंचवटा सावकाश चढून उतरायचा. हे नियमपुस्तकात लिहिलेले असते आणि सगळ्यांना पाठ असते. पण सदाला पाठांतरावर विश्वास नव्हता. शर्यतीच्या सकाळी तो सगळ्या स्वारांना घेऊन पूर्ण ट्रॅक पायी फिरे, आणि तिसऱ्या उडीच्या पलीकडे प्रत्येकाला मातीत आडवे झोपायला लावी. बोरिवलीची तेजल, पेशाने फिजिओथेरपिस्ट, पहिल्यांदा आली तेव्हा कुरकुरली, "काका, सगळे कपडे खराब होतील ना!" "मग शर्यतीत काय पैठणी नेसून बसणार आहेस? झोप." ती झोपली. सदाने विचारले, "काय दिसतं?" "माती. आणि आभाळ." "मागून गाडी येतेय ती दिसते?" तिने मान वळवून पाहिले. "नाही ना दिसत? मग तुझ्या वाटचं कोण बघतंय?" तिने पडल्यापडल्याच त्याच्याकडे बोट केले. झेंडेवाल्याचे काम याहून नेमके मी कधी ऐकलेले नाही.

आता त्याच्या चुकीबद्दल लिहितो. ते लिहू नये असे काही मित्रांचे मत पडले. परंतु चूक वगळून सदानंद समजणार नाही, अशी माझी खात्री आहे. तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशीच्या मुख्य शर्यतीत घाटकोपरचा जिग्नेश तिसरा होता आणि तेजल त्याच्या मागोमाग चौथी. तिसऱ्या उडीवर झेंडा सदाकडे होता. जिग्नेश तिथून उतरताना घसरला, आणि दुसऱ्याच क्षणी तेजल हवेतून आली. तिने गाडी वळवली म्हणून पुढचे चाक त्याच्या डोक्याऐवजी खांद्यावर आदळले. गळपट्टीचे हाड मोडले. शर्यत संपल्यावर पंचांच्या तंबूत चौकशी बसली. प्रेक्षकांतल्या चौघांनी सांगितले, पिवळा झेंडा हलताना आम्ही पाहिला. जिग्नेश हात गळ्यात अडकवून, वेदनेने पांढरा पडून बसला होता आणि तेजलवर ओरडत होता. "झेंडा दिसत नाही तुला? डोळे काय घरी ठेवून येतेस काय?" तेजल पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "मी उडाले तेव्हा झेंडा नव्हता. खरंच नव्हता." असे प्रत्येक स्वार म्हणतो, म्हणून कोणी ऐकले नाही. पिवळ्या झेंड्याखाली उडी मारून माणूस जखमी केला, तर स्वाराला त्या हंगामातून बाद करतात. शिवाय पडलेल्याच्या अंगावर गाडी घालणारी हे नाव आयुष्यभर मागे लागते, त्याची भीती तिला अधिक होती. मी अहवालात लिहून टाकले, 'पिवळा झेंडा दाखवलेला असताना...' सदाला विचारण्याची गरजही मला वाटली नाही. त्याचा झेंडा उशिरा उठेल, हे माझ्या कल्पनेतच नव्हते.

शेवटचा स्वार बाहेर पडेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम पाळून सदा सर्वांत शेवटी तंबूत आला. त्याने माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाला, "हे खोड. झेंडा उशिरा वर गेला. पोरगी तेव्हा हवेत होती." मी त्याला हाताला धरून बाहेर नेले. मी त्याला जे म्हणालो, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "सदा, एका क्षणाचा तर फरक आहे. तो कोणी मोजलेला नाही."

"मी मोजलाय."

"इतक्या वर्षांचं नाव आहे तुझं. थोडा विचार कर."

"मास्तरा, वर्गात काच फुटली की तू काय विचारायचास? कोणी फोडली, उभा राहा. आता मी उभा राहिलोय, तर तूच मला खाली बस म्हणतोस होय रे?"

मी त्याचा हात सोडला. तो पुन्हा आत गेला, आणि कोणी विचारले नसताना त्याने कारणही सांगितले. पहिल्या दोन स्वारांची त्याच्या मागच्या वळणावर चुरस लागली होती. ती पाहण्यासाठी त्याने उडीकडे पाठ फिरवली होती. "मी शर्यत बघत होतो," तो म्हणाला. मागून कोणीतरी बोलले, "अहो काका, इथे सगळे शर्यत बघायलाच येतात ना!" "तुम्ही येता," सदा म्हणाला. "मी नाही." मग तो तेजलसमोर जाऊन उभा राहिला. "तू खरं बोलत होतीस. तुझ्यावर विश्वास ठेवायला आम्हाला उशीर झाला, तोही माझ्यामुळेच." तेजल इतका वेळ रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मी अहवालातले ते वाक्य, खालची अक्षरे वाचता येतील अशा एकाच रेघेने, खोडले आणि त्याच्या शेजारी खरे वाक्य लिहिले. सदाने खाली सही केली आणि हंगामातून स्वाराला बाद करता, तर झेंडेवाल्यालाही करा, असे पंचांना सांगितले. पंच संकोचले. त्यांनी निर्णय दिला नाही. पण सदा त्या हंगामाच्या उरलेल्या दोन्ही रविवारी घरीच बसला.

जिग्नेशकडे मात्र तो दर आठवड्याला जाई. दोनदा मीही सोबत गेलो. पहिल्या खेपेला जिग्नेश भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि त्याच्या आईने दिलेला चहा आम्ही मुकाट्याने प्यायलो. दुसऱ्या खेपेला तो आपणहून बोलला. "काका, एक सांगा ना. बोललात कशाला? सगळे तिलाच शिव्या घालत होते. मीपण. तुमचं तर नावसुद्धा नव्हतं कुठे." सदाने बशी खाली ठेवली. "अरे, तिला घरी बसवली असती, तर पुढच्या रविवारी मी परत तसाच पाठ फिरवून उभा. मग दुसरा कोणीतरी असा हात बांधून पडला असता." जिग्नेशने उजव्या हाताने मोबाइल उचलला आणि तेजलला फोन लावला. "हां, मीच बोलतोय... अगं, नाही, शिव्या नाही देत. ऐक तरी!" आम्ही दोघे उठून बाहेर आलो, पुढचे संभाषण आम्ही ऐकण्यासारखे नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात सदा परतला तो मैदान आखायची फक्की घेऊन. प्रत्येक उडीच्या कडेला त्याने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने दोन पावले काढली, बोटे उडीच्या दिशेने. झेंडेवाल्याने त्या पावलांवर पाय ठेवून उभे राहायचे. म्हणजे मान कितीही वळवावीशी वाटली, तरी पाय आठवण करून देतात. सुरुवातीला काही जण हसले. "काका, सप्तपदी आहे काय?" "सात नाहीत, दोनच आहेत. तेवढी तरी सांभाळ." हळूहळू हसणे थांबले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांची शर्यत सुरू नसे ते स्वार स्वतःहून झेंडा मागू लागले. पूर्वी झेंडा धरायला माणसे शोधावी लागत. आता पाळी ठरवावी लागते. एका माणसाने आपली चूक आपल्या नावावर लिहून घेतली, त्यातून हे घडले. इतकी वर्षे वर्गात मूल्यशिक्षणाचे तास घेऊनही मला जे साधले नाही, ते मी असे निवृत्तीनंतर पाहिले.

तो गेल्यानंतरची पहिली शर्यत गेल्या रविवारी झाली. ती पुढे ढकलावी अशी सूचना आली होती; वहिनींनीच नको म्हणून सांगितले. शेवटच्या फेरीत जिग्नेशने तिसऱ्या उडीमागच्या त्याच वळणावर पुढच्या स्वाराला गाठले, मागे टाकले आणि तो पहिला आला. सगळे मैदान ओरडत होते. मी तक्ता पूर्ण करून निकालाचा कागद घेऊन निघालो, तेव्हा तिसऱ्या उडीकडून तेजल चालत येत होती. तिची स्वतःची शर्यत सकाळीच झाली होती. आता तिच्या काखेत गुंडाळलेला पिवळा झेंडा होता आणि बुटांना फक्की लागलेली होती. शेवटचा स्वार बाहेर पडल्यावरच ती जागेवरून हलली होती. माझ्याजवळ येऊन तिने विचारले, "सर, कोण जिंकलं?"

मी कागद पुढे करणार, तेवढ्यात चिखलाने माखलेला जिग्नेश हेल्मेट काढत येऊन पोहोचला आणि खवळला. "कोण जिंकलं म्हणजे? काय गं, आत्ता तुझ्यासमोर ओव्हरटेक मारला ना मी!"

"समोर नाही," तेजल म्हणाली, "पाठीमागे."