माणसाशी बोलण्यासाठी नऊ दाबा

आमच्या शेजारच्या घरात जी राहते तिला सगळी इमारत हॅलोताई म्हणते. तिला फोनची हौस आहे असं मात्र समजू नका. घरात फोन वाजला की ती असं तोंड करते, जसा कुणी कडू काढा पुढे केलाय. नोकरीच तशी आहे. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांची बोलणी खायची आणि वर त्यांनाच धन्यवाद म्हणायचं.

तिचा नवरा चष्मेवाला. दुकान आहे, दुकानाला पाटी आहे, आत चारी बाजूंनी आरसे आहेत. गिऱ्हाईक तेवढं नसतं. लोक हल्ली चष्मासुद्धा मोबाईलवरून मागवतात आणि तो नाकावर बसला नाही की काड्या वाकवून घ्यायला मात्र याच्याकडे येतात. हा फुकट वाकवून देतो, वर काचाही पुसून देतो. असा दिलदार माणूस संसारात एकच परवडतो, आणि तोही बायको कमावती असेल तर. घरात सासूबाई आहेत. त्यांना रक्तदाब आहे आणि मतं आहेत, दोन्ही चढीच. थोडक्यात, त्या घरातली चूल हॅलोताईच्या पगारावर पेटते. हे तेवढं ध्यानात असू द्या.

तिची कंपनी मुळातली बसवाली. बस त्यांच्या नव्हत्या. बस कुठवर आली हे मोबाईलवर सांगायचं, एवढाच धंदा. लोक फोन करून विचारायचे, बस का आली नाही? हॅलोताई दिलगिरी व्यक्त करायची. तेवढ्यात बस यायची, राग उतरायचा, माणूस चढायचा. सुखाचे दिवस होते म्हणायचे.

मग कंपनीतल्या कुणा हुशार डोक्यात आलं की थांब्यावरचा माणूस नाहीतरी मोबाईलमध्येच डोकं घालून उभा असतो, तर तिकिटाचे पैसेही त्यानं तिथूनच द्यावेत. तिकिटावरून गाडी थांब्यामागच्या चहाच्या टपरीवर गेली, टपरीवरून बेकरीत, बेकरीतून केस कापणाऱ्याकडे. बघता बघता दुकानादुकानात कंपनीची वाटोळी निळी डबी जाऊन बसली. गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे भरले की डबी बोलते, अमुक इतके जमा झाले, धन्यवाद.

आता डबीला आवाज हवा. आवाजाचे कलाकार असतात, त्यांचे स्टुडिओ असतात, त्यांचा भावही असतो. कंपनीनं विचार केला, आपल्याकडे एवढी बोलणारी माणसं पगारावर बसलीयत, तर बाहेर कशाला जा? सगळ्यांत स्वच्छ उच्चार हॅलोताईचे. तिला सामानाच्या खोलीत नेलं, रिकाम्या खोक्यांच्या मध्ये बसवलं, भोवती ब्लँकेटं टांगली आणि एकपासून लाखापर्यंत जे जे लागतं ते सगळं म्हणवून घेतलं. मध्येच लिफ्टचं दार धाडकन वाजायचं की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खुणेनं पाणी मागत होती. मोबदला म्हणून कंपनीचं नाव घातलेला एक थर्मास मिळाला. त्यात चहा कोमट राहतो.

पण काय रुबाब झाला हो तिचा! गल्लीत पाऊल टाकावं तर फळवाल्याकडे ती, औषधवाल्याकडे ती, चपला शिवणाऱ्याकडेही तीच. नवऱ्यानंही डबी घेतली. पहिल्या दिवशी ती बोलली तेव्हा हा आतल्या खोलीत काच घासत होता. तिथून सवयीनं ‘आलो आलो’ म्हणत धावत बाहेर आला. समोरचं गिऱ्हाईक हसून हसून बेजार. सासूबाईंनी तर जाहीरच केलं की सून दुकानात इतकं गोड बोलते, तो आवाज उंबऱ्याबाहेर ठेवून येते की काय कोण जाणे.

इथवर गंमत होती. मग कंपनीनं आणखी एक काटकसर केली. पैशांचा मामला सुरू झाल्यापासून मदतीच्या नंबरावर फोनांचा पूर आला. तो अडवायला आधी मशीन बसवलं: डबीसाठी एक दाबा, पैसे अडकले असतील तर दोन दाबा, आणि सगळ्यात शेवटी, माणसाशी बोलण्यासाठी नऊ दाबा. त्या मशीनला आवाज कुणाचा? अर्थातच, जो तयार होता त्याचा.

तर होऊ काय लागलं बघा. वैतागलेला माणूस मशीनशी झुंजतो, नऊ दाबतो, ताटकळतो, आणि अखेर ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ म्हणून जो आवाज येतो तो मघाचाच. कुठला फोन कुणाकडे जाईल याला काही धरबंध नव्हता, पण जे हॅलोताईच्या वाट्याला यायचे त्यांची खात्रीच पटायची की आपल्याला पुन्हा मशीनच्याच गळ्यात बांधलंय.

“मला माणसाशी बोलायचंय.”

“मी माणूसच आहे, सर.”

“मघाशी पण तूच होतीस.”

बरं, कंपनीनं शिकवलेली वाक्यंही अशी, की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, कृपया प्रतीक्षा करा. ही वाक्यं देवमाणसानं म्हटली तरी मशीनच वाटेल. आवाज चढवायचा नाही, हा तर पहिला नियम. एकानं तिची परीक्षा घेतली: माणूस असशील तर सांग, सकाळी काय खाल्लंस? तिनं खरं ते सांगितलं, की काही नाही, वेळच मिळाला नाही. तो म्हणाला, बघा, मशीन कशाला काय खाईल, आणि फोन ठेवला. दुसऱ्या एकीनं मोठाला गुणाकार घातला. हॅलोताईनं तो मनातल्या मनात अचूक केला आणि तिथंच फसली. चुकली असती तर निभावलं असतं.

फोन संपला की गिऱ्हाईक तारे देतं, एकपासून पाचपर्यंत. हॅलोताईला धडाधड एकेक तारा पडू लागला. तिचा साहेब तिच्या धाकट्या दिराहून लहान. मॅडम म्हणतो, पण खुर्चीतून उठत नाही. त्यानं तिला बोलावून पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ जिन्यावरून घसरल्यासारखी खाली येत होती. ती म्हणाली, आवाज बदला ना डबीतला, माझी काही हरकत नाही. तो म्हणाला, मॅडम, डब्या किती गेल्यात बाजारात, आता तो कंपनीचा आवाज आहे. मग आपला आवाज कोणता, हे काही तिनं विचारलं नाही. तो म्हणाला, महिनाअखेर तीन ताऱ्यांच्या वर यायला हवं, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही. ‘काढून टाकतील’ हे त्यांच्याकडे असं म्हणतात.

शेजारच्या खुर्चीवर एक बसते, तिला सगळे सर्दीवाली म्हणतात. बारा महिने नाक ओढत असते. तिला मात्र तारेच तारे. तिनं मोठ्या मायेनं गुपित सांगितलं, अगं, मशीनला कधी सर्दी होते का? लोकांना पटतं. हॅलोताईनंही दोन दिवस नाक ओढून पाहिलं, खोकून पाहिलं, मध्येच अं अं करून पाहिलं. एका बाईनं सांगितलं, तुमचं रेकॉर्डिंग खराब झालंय, दुरुस्त करून घ्या. आणि एक तारा.

ते दिवस तिचे वाईट गेले. संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभी राहायची. आम्ही दार उघडं ठेवून बसतो, हवा येते म्हणून; तर आमच्याकडे बघून हसायचाही तिला कंटाळा यायचा. घरात तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगावं तर तो धीर देणार, आणि त्याचा धीर ऐकून घ्यायला अंगात ताकद लागते. चष्मेवाला मला विचारायचा, हिला काय झालंय हो? मी म्हणायचे, तूच विचार की. तर म्हणायचा, विचारलं, ‘काही नाही’ म्हणाली. आणि तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. पुरुषांचं हे एक बरं असतं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. तारे अडीचच्या आसपास लोंबकळत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर एका बेकरीवाल्याचा फोन आला. त्याची डबी सकाळपासून एकच रक्कम ओरडत होती, जमा मात्र काहीच होत नव्हतं. रांगेतली पोरंसोरं डबीबरोबर सुरात ओरडायला लागली होती. आधीच डोकं फिरलेलं, त्यात फोनवरही तोच आवाज. तो ऐकूनच घेईना. मला माणूस द्या, माणूस द्या, म्हणत नऊचं बटण दाबत सुटला. प्रत्येक वेळी हॅलोताईच्या कानात टूं. ती म्हणे, सर, मी माणूसच बोलतेय. टूं. सर, आपल्या गैरसोयीबद्दल. टूं. आम्ही दिलगीर. टूं, टूं, टूं.

“अहो, ते बटण सोडा आधी!” हॅलोताई म्हणाली. म्हणाली कसली, अख्ख्या खोलीनं माना वळवल्या. “कानाचा भुगा केलात माझ्या. किती वेळ सांगतेय मी माणूस आहे म्हणून? पाय सुजलेत माझे, घसा सुकलाय, जेवण डब्यात तसंच राहिलंय. मशीनचे पाय सुजतात का कधी? आणि डबी बिघडली तर तिचं बटण बंद करायचं सोडून माझ्या जिवावर का उठलात?”

टूं थांबलं. मागे डबी तेवढी बोलत होती. मग तीही बंद झाली.

“ताई,” बेकरीवाला हळूच म्हणाला, “तुम्ही आहात होय.”

“मग कोण असणार?”

“नाही, मला वाटलं... बसा तुम्ही, बसा. पाय वर घ्या जरा. आमच्या हिचेही सुजतात.”

मग दोघं सुजलेल्या पायांवर बराच वेळ बोलले. कोमट पाणी बरं की गार, यावर त्यांचं काही जमलं नाही, पण डबीचं काम मात्र झालं. बेकरीवाल्यानं पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, फार बोलल्या, खऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. पडद्यावर एकीकडे पाच तारे, दुसरीकडे आवाज चढवल्याबद्दल ताकीद. हॅलोताईनं पर्स बरोबरच आणली होती. टेबलावरचं सामानही आवरून ठेवलं होतं. ती म्हणाली, कुठं सही करायची तेवढं सांगा, मला घरी जाऊन झोपायचंय.

साहेब पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. म्हणाला, तुमचा फोन वरच्यांनी ऐकला, दोनदा ऐकला. तारे अजून कमीच आहेत, पण वरच्यांना पटलंय. आजपासून जी माणसं पुन्हा पुन्हा नऊ दाबतात, तेवढीच तुमच्याकडे येतील. ती मशीनला वैतागलेली असतात. तुम्ही थोडं चिडायचं.

“चिडायचं?”

“प्रमाणात, मॅडम. त्या बेकरीवाल्यावर चिडलात तितकं नको. त्याच्या अर्धं.”

“आणि राग आला नाही तर?”

साहेबानं जरा विचार केला. “आणायचा,” म्हणाला.

नोकरी राहिली. चूल पेटती राहिली. आता हॅलोताई सकाळी जाते आणि दिवसभर मोजूनमापून चिडते. अहो ऐकून तर घ्या, असं करतं का कुणी, मला काय दुसरी कामं नाहीत? गिऱ्हाइकं खूश होतात. सर्दीवाली आता तिच्याकडे शिकायला येते, पण ती चिडली की तिला शिंका येतात. रेघ म्हणे जिना चढतेय.

आमची मात्र पंचाईत झाली. मधली भिंत पातळ आहे. पूर्वी संध्याकाळी तिकडून नवऱ्याला, सासूबाईंना, नळाला, शेगडीला जे काही ऐकवलं जायचं ते इकडे बसल्या बसल्या कानावर पडायचं, करमणूक व्हायची. आता तिकडे शुकशुकाट. चष्मेवाल्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला. ती कडेला सरकून झोपली. त्यानं घाबरून दुसऱ्या दिवशी आपण होऊन टॉवेल वाळत घातला आणि मला येऊन विचारलं, डॉक्टरला दाखवू का?

सासूबाईंनाही चैन पडेना. एका संध्याकाळी मी विरजण मागायला गेले होते. विरजण माझ्याकडे होतं, पण असो. सासूबाई हॉलच्या मधोमध मांडी ठोकून खारे वेफर्स खात होत्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, आणि त्या मुद्दाम पुडा खुळखुळवत, एकेक वेफर दिव्यासमोर धरून खात होत्या. हॅलोताई आली, चपला काढल्या, बघितलं. सासूबाई अगदी तयारीत. मीही दारातच जरा रेंगाळले.

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. भिंतीला डोकं टेकलं, पाय लांब केले.

“आई, आज नाही हो,” ती म्हणाली. “आजचं सगळं तिकडेच संपलं. रविवारी ओरडते.”

आणि पुड्यात हात घालून तिनं दोन वेफर्स घेतले. एक खाल्ला, दुसरा हातात तसाच राहिला, कारण तेवढ्यात तिला झोप लागली. सासूबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग पुड्याची घडी घालून तो बाजूला ठेवला, आणि मला हातानंच खूण केली, दार ओढून घे जाताना, आवाज करू नकोस.