मागच्या रांगेतलं क्लॅरिनेट

नाशिकला ऑर्केस्ट्रा ऐकायला चाललेय म्हणून रजेचा अर्ज टाकला, तेव्हा आमच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आमच्याकडे गणपतीतला मांडव, चमचमता कोट घातलेला निवेदक आणि जुनी हिंदी गाणी. हा तसला नाही, हे समजावत बसायचा मला कंटाळा आला. भाचीचा कार्यक्रम आहे, एवढंच सांगितलं आणि सोमवार मंजूर झाला.

भाची म्हणजे समीक्षा, माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची मुलगी. वय पंधरा, आठ वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकते. प्रकाश एरवी बुकबाइंडिंग करतो आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, गेली वीस वर्षं. मागच्या वर्षी समीक्षाच्या एका स्पर्धेत तो पहिल्या रांगेत मधोमध बसला होता. पोरीनं अर्धं वाजवलं, त्याच्याकडे पाहिलं, पुढचं विसरली आणि स्टेजवरून निघून गेली. घरी आल्यावर म्हणाली, पप्पा, तुम्ही समोर दिसलात की मला आठवत नाही, तुम्ही येत जाऊ नका. प्रकाश हो म्हणाला. तेव्हापासून ती गच्चीवर सराव करायला लागली की हा चपला घालून खाली कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. हे मला माझी भावजय सुनीता हिनं फोनवर सांगितलं.

आता शहरातल्या हौशी लोकांनी मिळून चालवलेल्या वाद्यवृंदात समीक्षाला एकल वादनाची संधी मिळाली होती. दरवर्षी दोन-तीन मुलांना मिळते. आणि प्रकाश तीन महिन्यांपूर्वी त्याच वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायला लागला होता. एकल वाजवणारा पुढे उभा राहतो, बाकीचे त्याच्या पाठीमागे. मुलीला न दिसता तिच्या कार्यक्रमाला हजर राहायची दुसरी कोणती युक्ती त्याला सापडली नसणार. सुनीतानं मला बोलावलं ते, हॉलमध्ये घरचं माणूस हवं पण समोर नको, अशा अटीवर. शेवटच्या रांगेत बसण्यासाठी दोनशे किलोमीटर जाणारी बाई तुम्हाला माझ्याशिवाय कुठे भेटायची नाही.

शनिवारी सकाळी संभाजीनगरहून साडेसहाची एसटी पकडली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोनशेच्या आत काम भागतं. वैजापूरपर्यंत मी झोपले. येवल्याला गाडी पंधरा मिनिटं थांबली, तिथे चहा आणि गरम वडापाव घेतला. पुढे विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि कंडक्टर सगळ्यांना सांगत होता की आज बाजार आहे, आता बसा निवांत. तुम्हाला माझ्यासारखं तालमीच्या गावी, पिंपळगाव बसवंतला जायचं असेल तर नाशिकपर्यंत जाऊन परत उलटं येऊ नका, निफाडला उतरा. तिथून अर्ध्या तासाचा रस्ता.

निफाडला प्रकाश स्कूटर घेऊन उभा होता. मी बॅग मांडीत घेतली आणि निघालो. दिवस ऑक्टोबरचे, द्राक्षबागांची छाटणी नुकतीच झालेली. हातमोजे घातलेल्या बायका एकेका काडीला औषधाचा लेप लावत चालल्या होत्या. बाग अशी उघडीबोडकी असते तेव्हा तिथे जानेवारीत घड लटकतील यावर विश्वास बसत नाही. वाटेत शेवटी मीच विचारलं, तालीम कशी चाललीय. तो म्हणाला, "एक जागा आहे, तिथं अडकते. रोज तिथंच."

तालीम होती एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये. हंगाम नसल्यामुळे ते रिकामं असतं, आणि त्याचे मालक वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवतात. रिकामे प्लास्टिकचे क्रेट भिंतीला छतापर्यंत रचलेले, पुठ्ठ्याचा वास, आणि मधे तीसेक माणसं वाद्यं घेऊन खुर्च्यांवर. शिक्षिका, बँकवाले, दोन निवृत्त फौजी, प्रकाशच्या बँडमधले दोघं. एका उलट्या क्रेटवर त्यांचे संचालक उभे होते, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले सुभेदार साहेब. उंचीनं कमी, पाठ ताठ, हातात पातळ काठी. कोणी उशिरा आलं तर ते रागावत नाहीत, फक्त घड्याळाकडे बघतात. मला विचाराल तर रागावलेलं परवडलं.

प्रकाशच्या पुढ्यात मोठ्या अक्षरांत सा रे ग लिहिलेले कागद होते. त्याला पाश्चात्त्य पद्धतीची लिपी वाचता येत नाही आणि चष्मा लागलाय हे मान्य करायचं नाही, म्हणून समीक्षा रात्री जेवण झाल्यावर चटईवर पालथी पडून त्याच्यासाठी हे लिहून काढते. म्हणजे बोलणं-चालणं सगळं नीट होतं घरात. फक्त ती एक गोष्ट सोडून.

साहेबांनी स्वतः बांधलेली एक संथ चाल होती, भूप रागाच्या अंगानं जाणारी. व्हायोलिन एकटं सुरुवात करतं, हळूहळू वर चढतं, सगळ्यात वर जाऊन थांबतं आणि तिथे क्लॅरिनेट त्याला उत्तर देतं. समीक्षा वर चढायच्या जागेशी आली आणि अडकली. मी क्रेटच्या आडून बघत होते. पण साहेबांनी डाव्या हाताची मूठ वर केली आणि सगळ्यांनी तोच छोटा तुकडा पुन्हा वाजवायला घेतला. पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्या वेळी तिला सापडलं, मूठ खाली आली आणि चाल पुढे गेली. ऐकणाऱ्याला ती मुद्दाम तशीच बांधलीय असंच वाटावं.

नंतर चहाला मी साहेबांचं कौतुक करायला गेले, तर त्यांनी काठीनं प्रकाशकडे दाखवलं.

"हे मी फौजेत नाही शिकलो, तुमच्या भावाकडून शिकलो. वरातीत घोडी अडली की बँड थांबत नाही. घोडी पुढे सरकेपर्यंत तोच तुकडा फिरवत राहतात."

प्रकाश खाली मान घालून क्लॅरिनेट पुसत होता.

रविवारी सकाळी मिसळ. नाशिकला जाऊन मिसळ न खाता आलात तर लोक तुमच्याकडे संशयानं बघतील, तेव्हा खाऊन घ्या. शंभराच्या आसपास पडते, रस्सा वरून हवा तेवढा मिळतो, सोबत पापड असतो. आम्ही तिघांनी खाल्ली. समीक्षानं पाव चुरून चुरून त्याचा भुगा केला.

दुपारी साहेबांनी तिला शेवटचं एकदा घरी बोलावलं होतं, देवळाली कॅम्पला. सोबत मी गेले. भावाचं घर नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात, तिथून रिक्षानं अर्धा तास. कॅम्पात रस्ते रुंद, झाडं म्हातारी, आणि बाजारात फौजींच्या बायका मुलांच्या गणवेशाला बटणं जुळवत होत्या. मधूनच लांबून तोफांच्या सरावाचा आवाज येतो आणि दुकानांच्या काचा थरथरतात. मी दर वेळी दचकायचे, बाकी कोणाच्या डोळ्याची पापणी हलत नव्हती. साहेबांनी तिच्याकडून एकदाच वाजवून घेतलं आणि जा म्हणाले, जास्त घासलं तर धार जाते.

परत येताना एका बेकरीत बसलो. मी नानकटाई मागवली. समीक्षा व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"आत्या, मी पप्पांना तेव्हा तसं बोलले ना, ते सगळं खरं नव्हतं. त्यांच्याकडे बघून नाही विसरले. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती, माझ्याबरोबर. मी माझं सोडलं आणि त्यांची बोटं बघत बसले."

मी म्हटलं, मग सांग की त्यांना.

"एक वर्ष झालं," ती म्हणाली. "आता कसं सांगणार?"

एरवी मला कोणत्याही गोष्टीवर सल्ला तयार असतो, घरातले सगळे त्याला वैतागलेले आहेत. त्या दिवशी मात्र मी नानकटाईची बशी तिच्याकडे सरकवली. तिनं एक उचलली आणि खाल्ली, तेवढंच मला बरं वाटलं.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. प्रवेश फुकट, पण साडेपाचला गेलात तर जागा मिळेल. पिंपळगावहून पॅकहाउसचे कामगार टेम्पो भरून आले होते, आपले शेठ ट्रम्पेट वाजवणार म्हणून. सुनीता आणि मी ठरल्याप्रमाणे शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई आपल्या नवऱ्याला बजावत होत्या की पोरगा वाजवताना तुम्ही हात हलवायचा नाही, रडायचं नाही आणि खोकायचं तर आत्ताच खोकून घ्या. त्यांचा मुलगा पहिला, बासरीवाला. छान वाजवलं त्यानं. नवरा हलला नाही, त्या स्वतःच पदर डोळ्यांना लावून बसल्या. दुसरी एक चिमुरडी, तिच्याहून तिचं चेलो मोठं. तिनं इतक्या ऐटीत वाजवलं की हॉल हसत हसत टाळ्या वाजवत राहिला.

तिसरी आमची.

ती पुढे येऊन उभी राहिली. निळा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. तिच्या पाठीमागे तिसऱ्या रांगेत प्रकाश, पांढऱ्या शर्टात. सुनीतानं माझं मनगट धरलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, आम्ही दोघी तर पाणी प्यायलाही घाबरलो होतो. चाल सुरू झाली. मी साहेबांच्या डाव्या हाताकडे बघत होते, फक्त त्या हाताकडे. वर चढायची जागा आली. हात तसाच राहिला. ती चढली. एकही सूर न सांडता ती सगळ्यात वर गेली, तिथे थांबली, आणि सुनीतानं माझं मनगट सोडलं.

आता क्लॅरिनेटनं उत्तर द्यायचं होतं.

उत्तर आलं नाही. प्रकाशनं क्लॅरिनेट ओठांना लावलेलं दिसत होतं, पण आवाज नव्हता. तो रडत होता. रडताना माणूस पेटी वाजवू शकतो, तबला वाजवू शकतो, पण फुंकायचं वाद्य नाही वाजवू शकत, ओठ थरथरतात आणि छाती ऐकत नाही. आम्ही घरचे सगळे वर्षभर तिच्याकडे डोळे लावून बसलो होतो आणि याचं काय होईल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

साहेबांची मूठ वर निघाली, पण त्याआधीच समीक्षानं तो शेवटचा तुकडा पुन्हा घेतला. कोणाची खूण न बघता. आणि घेता घेता ती वळली, लोकांकडे पाठ करून मागच्या रांगेकडे तोंड केलं. साहेबांनी हात खाली घेतला, बाजूला सरकून तिला वाट दिली आणि बाकीच्यांना तिच्यामागे घेतलं. तिनं तुकडा दुसऱ्यांदा फिरवला, बापाकडे बघत. तिसऱ्यांदा फिरवला. चौथ्या वेळी क्लॅरिनेट बोललं. पहिला सूर जरा फाटका होता. नंतरचा मात्र असा आला की मला पुढचं नीट दिसेनासं झालं.

टाळ्या खूप पडल्या. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नव्हतं. पुढच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, शेवटी वळून वाजवायचं किती छान बसवलंय नाही.

आम्ही मागे गेलो तेव्हा ती व्हायोलिन पेटीत ठेवत होती आणि तो तिच्याशेजारी नुसता उभा होता.

"पप्पा, किती वेळ लावलात," ती म्हणाली.

"घोडी अडली होती गं," प्रकाश म्हणाला. मग तिनं त्याला काही तरी सांगितलं, हळू, त्याच्या हाताची बोटं धरून. मी आणि सुनीता उगीचच पाणी कुठे मिळतं ते शोधायला गेलो.

सोमवारी बस दुपारची होती, म्हणून सकाळी पंचवटीत चक्कर मारली. गोदावरीकाठच्या बाजारात भाजी स्वस्त आणि ताजी मिळते, पण गल्ल्यांत रिक्षा नेऊ नका, चालत जा. मी मेथीच्या चार जुड्या घेतल्या आणि घरी पोचेपर्यंत त्यातल्या दोन मलूल झाल्या. सोबत घेतलेला चिवडा मात्र धडधाकट पोचला. जाऊन-येऊन, खाऊन-पिऊन, रिक्षा धरून माझं हजाराच्या आत भागलं, राहायला भावाचं घर होतं म्हणून.

ऑफिसात विचारलं कसा होता ऑर्केस्ट्रा. चांगला होता म्हटलं. मोबाईलवर घेतलेलं यजमानांना ऐकवलं, ते म्हणाले चाल गोड आहे. मी त्यांना काही समजावलं नाही.

काल प्रकाशचा फोन आला होता. तुळशीची लग्नं झाली की त्याची सराई सुरू होते, बँडवाल्यांनी तारखा दिल्यात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी त्याला विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं रे तुला. 

"ताई, वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या पाठवणीला वाजवतोय," तो म्हणाला. "सगळा मांडव रडतो, माझी फुंक कधी हलली नाही. त्या दिवशी ती वरच्या सुरावर पोचली आणि मला वाटलं, झालं आपलं काम, आता नाही वाजलं तरी चालेल. ती वळून बघेल असं वाटलंच नव्हतं गं."